दोन बॅचच्या मधली दहा मिनिटं

सहाला दहा कमी. मेहेर सिग्नलच्या मागच्या गल्लीतल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये पाचची बॅच शेवटच्या उताऱ्यावर आहे. दुसरा मजला, लांबट खोली, दोन्ही भिंतींना लागून मशीन, प्रत्येक मॉनिटरच्या कपाळावर नंबराचं स्टिकर. पाऊस थांबून थांबून पडतो आहे. दाराशी छत्र्या उघड्याच वाळत घातल्या आहेत, त्यांच्यामधून पाय उचलत आत यावं लागतं. खालून एम. जी. रोडचे हॉर्न वर येतात आणि वरच्या कीबोर्डांच्या खडखडाटात मिसळून जातात.

"वेळ संपली. सेव्ह करा," मॅडम म्हणतात.

खडखडाट एकदम थांबतो. कुणी बोटं मोडतं, कुणी चुका मोजतं, कुणी बॅगेतून बाटली काढतं. आणि मिनिटभरात खोलीतून दुसराच आवाज यायला लागतो. टायपिंगचा आवाज एकसारखा पडतो. हा तुटक आहे. टक्, टक्-टक्, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक्. अर्धी खोली उड्या मारायला लागली आहे.

मॅडमचा नियम ठरलेला आहे. उतारा पूर्ण झाला, चुका तपासून झाल्या, की पुढची बॅच येईपर्यंत मशीन तुमचं. आवाज बंद, डाउनलोड काही करायचं नाही, पैशाचा खेळ नाही. ब्राउझरमध्ये जे आपोआप उघडतं आणि आपोआप बंद होतं, तेवढंच. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायद्यानं बंदी आणली; इथल्या भिंतीवरची हातानं लिहिलेली सूचना त्याच्याही आधीची आहे.

ही खोली भरलेली का असते ते या भागात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. पलीकडे सीबीएस बसस्थानक, समोर जिल्हा न्यायालय, शेजारी कलेक्टर कचेरी. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठी तीस नाही तर इंग्रजी चाळीसचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी कुणी पेठहून येतं, कुणी दिंडोरीहून, कुणी सातपूरची शिफ्ट संपवून. कुणाचाही दिवस सलग नाही. बसची वाट बघण्यात वीस मिनिटं, बॅच सुरू होण्याआधी दहा, कंपनीच्या गेटवर पाच. असे तुकडेच त्यांच्या हाताशी आहेत, आणि माझ्यासमोर चाललेले हे खेळ त्या तुकड्यांच्या मापाचे आहेत.

तीन नंबरवरचा मुलगा सातपूरच्या कंपनीतून थेट आला आहे. खिशावर कंपनीचं नाव शिवलेला शर्ट अजून अंगात आहे. त्याच्या पडद्यावर करड्या रंगाचा डायनासोर वाळवंटातून पळतो आहे. स्पेसबार दाबला की उडी, खालचा बाण दाबला की वाकणं. समोरून निवडुंग येतात, कधी उडता सरडा येतो, वेग वाढत जातो. सातशेच्या आसपास पडद्यावर रात्र होते, पांढऱ्याचं काळं आणि काळ्याचं पांढरं. तो पापणी लवू देत नाही. आठशे बारा. निवडुंगाला पाय लागतो. खेळ संपतो आणि तो लगेच स्पेसबार दाबतो. मधे कुणी विचारत नाही, थांबायला लावत नाही. पुन्हा शून्य, पुन्हा पळणं.

"नाश्ता करून आलास का रे?" मॅडम विचारतात.

"हो मॅडम, सिग्नलला वडापाव खाल्ला," तो मान न वळवता सांगतो आणि नेमका मरतो.

हा डायनासोर मुळात नेट गेल्यावर दिसावा म्हणून क्रोममध्ये बसवलेला. सेबॅस्टियन गॅब्रिएल, अ‍ॅलन बेट्स आणि एडवर्ड जंग या गुगलच्या डिझायनरांनी तो २०१४ मध्ये केला. इंटरनेट नाही म्हणजे आपण अश्मयुगाच्याही मागे गेलो, अशी त्यामागची कल्पना. २०१८ मध्ये गुगलनं सांगितलं होतं की हा खेळ महिन्याला सुमारे सत्तावीस कोटी वेळा खेळला जातो, आणि जिथं नेट महाग किंवा बेभरवशाचं आहे त्या देशांत जास्त. त्यात भारताचं नाव पहिलं होतं. मला या आकड्यात सातपूर दिसतं, पेठ दिसतं, घाटात रेंज गेलेली बस दिसते. आपल्या अडचणीच्या जागी कुणीतरी आपल्यासाठी खेळ ठेवून दिला, ही गोष्ट मला मनापासून आवडते. शाळा-कार्यालयांच्या तक्रारीनंतर तो बंद करायची सोयही गुगलनं दिली. मॅडमनी ती वापरलेली नाही.

आणि बोलता बोलता नेट जातंच. पावसानं असेल. पाच-सहा खुर्च्यांवरून एकदम "गेलं!" ऐकू येतं. ज्यांची पानं नुकती उघडत होती त्यांच्या पडद्यांवर तोच करडा डायनासोर येऊन उभा राहतो. दारापाशी वाट बघत उभी असलेली सहाच्या बॅचची एक मुलगी म्हणते, "सगळ्यांकडं सारखाच पाहुणा." पण सात आणि आठ नंबरवरचे खेळ चालूच राहतात, कारण एकदा उघडलेला खेळ सगळाच्या सगळा मशीनमध्ये येऊन बसलेला असतो. त्याला आता नेटची गरज नाही.

सात नंबरवर माय-लेकी आहेत. आई तिशीतली, निळा पंजाबी ड्रेस, मराठी तीसची परीक्षा देणार आहे. लेक तिसरी-चौथीतली, शाळेतून आईसोबत इथं येते आणि बॅचभर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून गृहपाठ करते. आता ते स्टूल आईच्या खुर्चीला चिकटलं आहे. दोघींचे हात एकाच कीबोर्डवर. लेक उजवीकडच्या बाणांवर, आई डावीकडच्या ए, डब्ल्यू, डी वर. पडद्यावर जंगलातलं पडकं देऊळ, त्यात आगीचा मुलगा आणि पाण्याची मुलगी. इथं सगळे त्याला आग-पाणी म्हणतात. आगीला पाण्याच्या डबक्यात पडून चालत नाही, पाण्याला निखाऱ्यात. हिरव्या चिखलात दोघंही संपतात. एकानं फळी दाबून धरायची तेव्हा दुसऱ्यासाठी दार वर जाणार. त्यानं पलीकडे जाऊन दुसरी फळी दाबायची तेव्हा पहिला सुटणार. एकट्यानं पुढं जाता येतच नाही.

"आई, थांब. आधी मी. थांब ना!"

"थांबले. जा तू."

"आता तू उडी मार. उंच. दाबून ठेव बटण."

आई बटण दाबून ठेवते आणि पाण्याची मुलगी निखाऱ्यावरून तरंगल्यासारखी जाते. लेकीच्या तोंडून श्वास सुटतो. मग तिचा आगीचा मुलगा घाईघाईत उडी मारतो आणि काठावरून घसरून डबक्यात पडतो. धूर. लेव्हल पहिल्यापासून. "माझं चुकलं," लेक म्हणते. "चुकू दे, अजून सहा मिनिटं आहेत," आई म्हणते, आणि हे ती ज्या स्वरात म्हणते तो स्वर बॅचभर तिच्या तोंडून आलेला नाही. चुकीला तासभर लाल खूण होती. इथं चूक म्हणजे फक्त चार पावलं मागे.

हा खेळ २००९ सालचा, फ्लॅशवर केलेला. २०२० च्या ३१ डिसेंबरला अ‍ॅडोबीनं फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि पुढच्या १२ जानेवारीपासून फ्लॅशमधले खेळ चालेनासे झाले. जे टिकले ते ब्राउझरला आपणहून कळेल अशा रीतीनं पुन्हा लिहिले गेले म्हणून टिकले. आग-पाणी त्यातलंच.

मॅडम फिरत फिरत सातपाशी येतात. पडद्याकडे न बघता आईच्या डाव्या हाताकडे बघतात.

"करंगळी कुठंय?"

आई हात उचलते. टायपिंगमध्ये ए वर करंगळी, डब्ल्यू वर अनामिका, डी वर मधलं बोट. खेळणारे सगळे हात मात्र एक घर सरकलेले असतात: ए वर अनामिका, डब्ल्यू वर मधलं, डी वर तर्जनी. करंगळी बिनकामाची बाहेर लोंबते. महिनाभर असा खेळ झाला की परीक्षेच्या उताऱ्यात बोटं एक घर डावीकडे बसायला लागतात, आणि कळतही नाही. खेळाविरुद्ध मॅडमचं म्हणणं एवढंच आहे, आणि ते बरोबर आहे.

"खेळ, पण टायपिंगची बोटं ठेवून," मॅडम म्हणतात. आई करंगळी ए वर आणते. अनामिका डब्ल्यू वर ताणली जाते. पाण्याची मुलगी दोन वेळा निखाऱ्यात पडते, तिसऱ्यांदा पलीकडे जाते.

सहा नंबरवर हार्डवेअरचं बघणारा मुलगा आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. संध्याकाळी इथली मशीन सांभाळतो, सगळे त्याला दादा म्हणतात. त्याच्या पडद्यावर एवढ्याशा चौकोनी ठिपक्यांचा डोंगर आहे. सेलेस्टची पहिली आवृत्ती. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी या दोघांनी २०१६ मध्ये चार दिवसांत केलेली, ब्राउझरमध्ये चालणारी. पुढं त्याच बीजातून २०१८ चा मोठा, जगभर गाजलेला खेळ वाढला. पण दादाला ही छोटीच आवडते. एक पडदा म्हणजे एक टप्पा. झेडनं उडी, एक्सनं हवेतली झेप. काट्यांवर पडला की क्षणात त्याच पडद्याच्या पायथ्याशी परत उभा. तो एका मिनिटात इतक्यांदा पडतो की पडणं हा चालण्याचाच भाग वाटायला लागतो.

"हे बघा," तो मला जवळ बोलावतो. काठाशी येतो, काठ सोडून एक पाऊल हवेत जातो आणि मग उडी मारतो. उडी लागते. "खरं तर पाय सुटला होता. पण करणाऱ्यानं सेकंदाचा पाचवा भाग माफ केलाय. काठ सोडल्यावरही तेवढा वेळ उडी मान्य. आणि जमिनीला टेकायच्या थोडं आधी बटण दाबलं तर तेही लक्षात ठेवतो, टेकल्या टेकल्या उडवतो."

"हे खेळणाऱ्याला कळतं?"

"कळत नाही. वाटतं आपणच बरोबर दाबलं."

हे ऐकून मी थोडा वेळ त्याच्या पडद्याकडे बघत राहते. दिवसभर ज्यांना सेकंदाची सवलत कुणी देत नाही (हजेरीचं मशीन नाही, अर्जाची शेवटची तारीख नाही, परीक्षेचं घड्याळ तर नाहीच) त्यांच्यासाठी कुणीतरी एका उडीमागे एवढा विचार करून ठेवला आहे. यामुळे खेळ सोपा होत नाही. डोंगर तेवढाच उभा आहे. फक्त ज्याची नजर आणि बोट एकमेकांच्या जरासं मागंपुढं आहे त्याला तो लबाडीनं पाडत नाही.

दादा अजून एक गोष्ट दाखवतो. खेळ चालू असताना तो दुसरा टॅब उघडतो. तिथं क्लासच्या फीची यादी आहे. दोन आकडे भरतो, परत येतो. बाहुला जिथं हवेत होता तिथंच हवेत आहे, आणि तिथून पुढं पडतो. "ब्राउझर सेकंदाला साठएक वेळा खेळाला म्हणतो, पुढचं चित्र दे. टॅब मागे गेला की विचारायचंच थांबतो. म्हणून बहुतेक खेळ आपोआप उभे राहतात. थांबवायचं बटणसुद्धा शोधावं लागत नाही."

मला वाटतं सगळं मर्म इथं आहे. १९८१ चा डाँकी काँग नाण्यावर चालायचा. मरायचं ठरलेलं, कारण पुढचं नाणं हवं. तीन जीव ही त्या नाण्याच्या पेटीची सोय होती. मग १९८५ चा मारिओ घरात आला, आपल्याकडे नव्वदीत कॅसेटी घालून टीव्हीला जोडायच्या खोक्यातून. मॅडमच्या भावाकडे तो होता. "वीज गेली की संपलं," त्या सांगतात. "आठव्या जगापर्यंत पोचलेला रडायचा. परत पहिल्यापासून." त्या खेळात जागा राखून ठेवायची सोयच नव्हती; पुढं जायचं तर सबंध दुपार हवी. आत्ताचे फोनवरचे कितीतरी खेळ दुसऱ्या टोकाला गेले आहेत. ते तुम्हाला सोडतच नाहीत. रोज या नाहीतर बक्षीस जाईल, अर्ध्या तासानं जीव भरेल, घंटी वाजवू, आठवण करू. खेळ संपला तरी खिशात हाका मारत राहतो. ब्राउझरमधला हा लहानसा उड्यांचा खेळ दोन्हींच्या मधला आहे. अंगणात खडूनं आखलेल्या ठिकरीसारखा: घरातून हाक आली की एका पायावरची पोर दोन पायांवर येते, आत जाते, आणि चौकोन तिथंच असतात.

ज्याचा वेळ त्याच्या हातात नाही त्याला असाच खेळ हवा. माझं हे मत ठाम आहे. इन्स्टिट्यूटमध्ये येणारी पालक मंडळी काचेतून बघतात आणि मुलं वेळ घालवतात असं समजतात. मी रोज ज्या बाजूनं बघते तिथून दिसतं ते असं, की बॅच सुरू व्हायच्या वेळी या खोलीत कुणावर ओरडावं लागत नाही.

नेट परत आलं आहे. अकरा नंबरवर मात्र काहीतरी बिनसलं आहे. बी.कॉम.ची मुलगी, वेणी पुढं घेऊन बसलेली, पडद्याकडे एकटक बघते आहे. तिच्या खेळात कालपर्यंत सव्वीस दारं उघडली होती. आज पहिलं सोडून सगळ्यांना कुलूप.

"दादा, माझं सगळं गेलं."

दादा जागेवरूनच डोकं वर काढतो. "अकराची हिस्टरी आज साफ केली गं. हँग होत होतं."

हे खेळ नाव विचारत नाहीत, खातं उघडायला लावत नाहीत. तुम्ही कुठवर आलात ते त्या मशीनवरच्या त्या ब्राउझरच्या पोटात लिहून ठेवतात, बस्स. म्हणून तर इथं प्रत्येकाला आपलाच नंबर हवा असतो. आणि कुणी साफसफाई केली की ते लिहिलेलं पुसलं जातं. दादा उठून तिच्यापाशी येतो, त्याला खरंच वाईट वाटलं आहे. "विचारायला हवं होतं मी. पुढच्या वेळी आधी सांगीन."

ती काही बोलत नाही. पहिलं दार उघडते. काटे, सरकती फळी, काटे, दार. दुसरं. तिसरं. जिथं दोन आठवड्यांपूर्वी ती टेबलावर हात आपटत होती ते चौथं दार ती न थांबता पार करते. शेजारचे दोघं खुर्च्या तिच्याकडे वळवतात. सातवं. आठव्यात एकदा पडते, उठते, जाते. "अगं, तू तर पळतेस," शेजारची म्हणते. मॅडम हातातली हजेरीची वही तशीच धरून मागे उभ्या आहेत. नववं. दहावं. तिचा चेहरा अजून रुसलेला आहे, पण बोटांना ते माहीत नाही.

सहाला दोन मिनिटं. सहाची बॅच दारात जमली आहे. एकजण भिजून आला आहे, सांगतो आहे की गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत आलंय म्हणे, आणि सिंहस्थासाठी खोदून ठेवलेल्या रस्त्यांवर चिखल मातला आहे. कुणी फोनवर फोटो शोधतं. छत्र्या वाढतात.

सात नंबरवर माय-लेकी शेवटच्या दारापाशी अडल्या आहेत. दोघांनी एकाच वेळी उडी मारायची, आणि ऐन वेळी आईची उडी लागतच नाही. बटण दाबलेलं दिसतं, पाण्याची मुलगी उभीच. पुन्हा तेच. "मी दाबलं गं, शपथ," आई म्हणते.

"तुमची चूक नाही वहिनी," सातपूरचा मुलगा डायनासोर सोडून तिथं आला आहे. "कीबोर्डचं आहे ते. एका वेळी काही ठरावीक तीन बटणं दाबली तर साधा कीबोर्ड तिसरं घेत नाही. आत आडव्या-उभ्या तारांची जाळी असते, त्याचा गोंधळ होतो. आमच्या कंपनीत पॅनेलवरसुद्धा असंच होतं." मग लेकीकडे वळून, "तू डावा बाण आधी सोड. मग उडी मार. दोन बटणं झाली की आईचं तिसरं लागंल."

"पण मग मी सरळच उडेन ना?"

"उड सरळ. वर गेलीस की हवेत असताना डावीकडं वळ. हवेत वळता येतं यात."

ती त्याच्याकडे संशयानं बघते. खऱ्या आयुष्यात हवेत वळता येत नाही हे तिला माहीत आहे. मग बाण सोडते. आई ए वर करंगळी ठेवते, डब्ल्यू वर अनामिका. "एक, दोन," लेक मोजते, "तीन!" आग सरळ वर जाते, पाणी तिरकं जातं, आग हवेतच डावीकडे वळते, आणि दोघं दोन दारांसमोर टेकतात. दारं उघडतात. लेक स्टुलावरून उडी मारून खाली येते आणि मुलाला टाळी देते.

"वेळ," मॅडम म्हणतात.

खोलीभर टॅब बंद होतात. अकरा नंबरची चौदाव्या दारापाशी आहे, ती तशीच उठते, पुढच्या मुलीसाठी खुर्ची सरकवते आणि दादाला बजावते, "अकराला हात लावायचा नाही." दादा कानाची पाळी धरतो. सातपूरचा मुलगा पाठीवर बॅग टाकतो. त्याला साडेसहाची बस धरायची आहे.

"दादा," लेक सातपूरच्या मुलाला जिन्यापाशी गाठते, "पुढच्या भागात आरसे आहेत. ते कसं करायचं?"

"उद्या सांगतो. तू आधी तुझं गणित दाखव आईला. ते स्टुलावरच राहिलंय."

ती वळून आत पळते. मॅडमनी सहाच्या बॅचला उताऱ्याचा कागद वाटायला सुरुवात केली आहे.